वीस नंबरचं लेक्चर

कपाशी फुटली की आमच्याकडे परिपत्रक येतं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण इतकी वर्षं ती बरोबरच येत आली आहेत, की पांढरं शेत दिसलं की आता टेबलावर कागद असणार असं मला वाटतं, आणि तो असतो. यंदाच्या कागदात लिहिलं आहे की प्रत्येक प्राध्यापकानं आपल्या पाठांच्या चित्रफिती तयार कराव्यात, त्या विद्यार्थ्यांना मोबाइलवर पाहता याव्यात आणि शिक्षण 'वर्गापर्यंत येऊ न शकणाऱ्यापर्यंत' पोचावं. खाली समन्वयक म्हणून माझं नाव. नोकरीची दोन वर्षं उरली आहेत, तरी कॉलेजात कुठलंही यंत्र आलं की ते माझ्याच गळ्यात पडतं. फार पूर्वी एकदा मी बंद पडलेल्या प्रोजेक्टरची वायर नीट खोचली होती, एवढंच त्याचं कारण आहे.

मी सही केली आणि कागद परत दिला. मग खिडकीशी जाऊन उभी राहिले. मूर्तिजापूरच्या आमच्या कॉलेजच्या कुंपणापलीकडे लगेच वावर सुरू होतं, काळं, भेगाळलेलं, आणि त्यात बायका ओळीनं वाकून कापूस वेचत होत्या. प्रत्येकीच्या कमरेला धोतराची झोळी बांधलेली. वेचताना हात किती भराभर चालतात हे दुरून कळत नाही, झोळी मात्र फुगत जाताना दिसते. अशाच एका वेचणीच्या हंगामाचं मला आज सांगायचं आहे. खरं तर सांगायचं नाही, पण सही केल्यापासून तेच डोक्यात आहे.

तेव्हाचा माझा दिवस अकोल्याहून सकाळच्या पॅसेंजरनं सुरू व्हायचा. डब्यात समोरचा माणूस पेपर उघडायचा. आतल्या पानावर डावीकडे एक रकाना ठरलेला असायचा. जीव दिलेल्या शेतकऱ्याचं गाव, नाव, वय. सुरुवातीला कोणीतरी तो मोठ्यानं वाचायचं आणि डब्यात जरा वेळ शांतता व्हायची. मग मोठ्यानं वाचणं बंद झालं. मग लोक फक्त गावाचं नाव पाहायचे, आपलं नाही ना, आणि पान उलटायचे. मीही तेच करायची. ती वर्षं वऱ्हाडात कशी होती असं पुण्याकडचे लोक विचारतात तेव्हा माझी पंचाईत होते, कारण मला त्या वर्षांत काही वाटत नव्हतं. कपाशीवर लाल्या आला की पानं लाल होत, तेही गाडीतून छान दिसे. मी ते छान आहे असं म्हटल्याचंही मला आठवतं.

वर्गात हजेरी घेताना एखाद्या नावाला पंधरा-पंधरा दिवस ओ यायची नाही. मी कारण विचारत नसे. विचारलं की उत्तर येतं, आणि त्या उत्तराचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. दिवाळी झाली की वर्ग तसाही अर्धा व्हायचा, वेचणीला माणूस मिळत नाही म्हणून पोरं-पोरी घरच्याच वावरात. उरलेल्या अर्ध्यांना मी वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि फळा पुसून चारच्या गाडीला पळायची.

त्या वर्षी चाळीस टॅब आले. काळे, पातळ, स्वयंपाकघरातल्या पोळपाटाएवढे. प्राचार्यांनी ते टेबलावर मांडले आणि माझ्याकडे पाहिलं. कल्पना चांगली होती, अजूनही मला ती चांगलीच वाटते. वेचणीमुळे जो येऊ शकत नाही त्याच्याकडे पाठ जाईल. मी चोवीस पाठ रेकॉर्ड करायचे, दर मंगळवारी मुलांनी टॅब घेऊन यायचं, कार्यालयाच्या व्हरांड्यात उभं राहून कॉलेजच्या वायफायला जोडायचा, नवे दोन पाठ उतरवून घ्यायचे, आणि गेल्या आठवड्यात काय ऐकलं त्याची नोंद आपोआप माझ्या यादीत चढायची. पाठ पूर्ण ऐकला असेल तर नावापुढे हिरवी खूण, नाहीतर लाल. हिरव्या खुणा म्हणजे हजेरी. तेवढ्या भरल्या की परीक्षेला बसता येईल.

नियम माझे होते. सलग तीन मंगळवार टॅब आला नाही, तर तो परत घेऊन यादीतल्या पुढच्याला द्यायचा. आणि पाठ मध्ये थांबवता येणार नाही. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबला की पुन्हा पहिल्यापासून. ही सोय मी मुद्दाम मागून घेतली होती, कारण मुलं सुरुवात ऐकून शेवटाला उडी मारतील याची मला खात्री होती. सत्तावीस वर्षं शिकवल्यावर माणसाला मुलांची खात्री असते.

रेकॉर्डिंग प्रयोगशाळेत झालं. शिपाई दादाराव दाराशी उभा राहून कोणाला आत येऊ देत नसे आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. घाम पुसत पुसत मी रिकाम्या बाकांना शिकवलं. अकरा नंबरच्या पाठात मध्येच शकुंतलेची शिटी झाली, अचलपूरकडे जाणारी ती छोटी गाडी, आणि मी "जाऊ द्या तिला" असं म्हणून थांबले. चौदा नंबरात मला खोकल्याची उबळ आली. पुन्हा करायचा कंटाळा आला म्हणून तो पाठ तसाच ठेवला. कोण एवढं नीट ऐकणार आहे?

आणि खरंच कोणी ऐकत नव्हतं. पहिल्याच महिन्यात एक पोरगा हसत हसत मला म्हणाला, "मॅडम, आमच्या वावरात आता दिवसभर तुमीच बोलून राहता. आई म्हणते, या बाईले कोणी पाणी देत नाई का?" टॅब धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला पिशवीत टांगलेला, खाली बायका वेचणी करतात, आणि वर मी पेशीभित्तिका समजावून सांगते. एकाच्या घरी तो गोठ्यात चालू असायचा. एकीच्या घरी पिठाच्या डब्यावर. खुणा सगळ्या हिरव्या. मला हे कळत होतं आणि मी काही केलं नाही. यादी हिरवी दिसत होती आणि मंगळवारी ती पाहिली की बरं वाटायचं. त्या हंगामात मला बरं वाटणारी तेवढीच एक गोष्ट होती.

त्या यादीत सगळ्यांत हिरवी ओळ नसीमची होती.

नसीम दुसऱ्या वर्षाला होती. बापाचं बाजाराकडे गादीचं दुकान, पिंजाऱ्याचं घर. खिडकीशेजारच्या बाकावर बसायची आणि तिच्या वेणीत, ओढणीवर, कानामागे कुठंतरी कापसाचा एक तंतू अडकलेला असायचाच. इतर मुली तिला त्यावरून चिडवत, ती तो काढून फुंकून उडवी. प्रश्न फार विचारायची. कापूस हा फुलाचा भाग की फळाचा, असं तिनं एकदा विचारलं, आणि दोन्हींचा नाही, बीच्या सालीवरचे केस आहेत ते, असं मी म्हटल्यावर ती एवढी चकित झाली की पुढची दहा मिनिटं तिनं काही ऐकलं नसावं. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. माझ्या ते लक्षात आलं ते यादीमुळे नव्हे, प्रश्न बंद झाले म्हणून. खिडकीशी दुसरी मुलगी बसू लागली आणि मीही सवयीनं तिच्याकडे पाहू लागले.

टॅब मात्र दर मंगळवारी येत असे. तिचे वडील, रहीमभाई, घेऊन येत. गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची पिशवी शिवली होती त्यासाठी, आत थोडा कापूस घालून. व्हरांड्याखाली चपला काढून ते वर येत, दोन्ही हातांनी टॅब पुढे धरत आणि नोंद चढेपर्यंत भिंतीला पाठ न लावता उभे राहत. मी एकदा विचारलं, "नसीम येत नाही?"

"घरी काम हाय मॅडम," ते म्हणाले.

"ऐकते ना पण सगळं?"

"सबन ऐकणं होते. एक बी सोडलं नाई."

सोळापैकी सोळा, अठरापैकी अठरा. मी त्यांना "शाब्बास म्हणावं तिला" असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पिशवीची नाडी बांधली.

पौषात अमरावतीला विद्यापीठात आमच्या प्रयोगाचं सादरीकरण झालं. मोठ्या पडद्यावर मी ती यादी दाखवली. वेचणीच्या हंगामात, घरकामात अडकलेली, कॉलेजात एकही दिवस न आलेली एक मुलगी, आणि तिच्या नावापुढे एका ओळीत सगळ्या खुणा हिरव्या. सभागृहात टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी दोघातिघांनी मला गाठून म्हटलं की आम्हाला या मुलीला भेटायचं आहे, आठवड्याभरात येतो. मी हो म्हटलं. परतीच्या एसटीत मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दादारावला सोबत न घेता चालत बाजाराकडे गेले. मंगळवारपर्यंत थांबता आलं असतं. पण पाहुणे यायचे होते आणि मला नसीमला तिचं बोलणं आधी शिकवून ठेवायचं होतं, हे खरं कारण. दुकानात पिंजायचं मशीन बंद होतं. थंडीच्या दिवसांत, गादी-रजईच्या ऐन हंगामात, भर दुपारी बंद. जमिनीवर पिंजलेल्या कापसाचा ढीग, हवेत बारीक तूस, आणि त्या ढिगाला टेकून ठेवलेला टॅब. त्यातून मीच बोलत होते. समोर रहीमभाई एकटेच, नाकाला बांधलेला रुमाल गळ्यात ओढून, मांडी घालून बसलेले. पडद्यावर मी कपाशीच्या बोंडाचा उभा छेद काढत होते.

मला पाहिल्यावर ते घाईनं उठले आणि टॅब बंद केला. वर्गात कोणी मोठं माणूस आलं की मुलं उभी राहतात, तसे उभे राहिले.

"नसीम कुठे आहे?"

"बसा ना मॅडम."

"नसीम कुठे आहे रहीमभाई?"

ते हातातला कापूस उगीच मोकळा करत राहिले. मग म्हणाले, "अकोल्याले हाय. जुन्या शहरात, खालाकडं. छातीचा रोग निंगला. दवाखाना तथून जवळ पडते. दिवाईपासून तथीसाच हाय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं त तुमी ट्याब वापस घेतला असता. नाव कटलं असतं. अन् रोगाचं नाव बाजारात गेलं का पोरीच्या लग्नाची बी पंचाईत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमीच सांगतलं होतं ना, पाठ पुरा झाला का हाजरी लागते. म्हणून म्या लावली. पण नुसता चालू ठेवून नाई मॅडम. ते बेइमानी झाली असती. सबन ऐकले. मशीन बंद करून ऐकले, मशीनच्या आवाजात समजत नाई."

मी विचारलं की टॅब तिच्याकडेच का नाही ठेवला. हा प्रश्न विचारतानाच मला उत्तर ठाऊक असायला हवं होतं.

"नेला होता ना एक डाव. तिले चाळीस मिनटं एका दमात ऐकणं होत नोतं. खोकला आला का बंद कराव लागे. दवाई घ्याव लागे, नींद लागे. बंद केलं का पयल्यापासून. चार दिवस ते पाचवाच पाठ ऐकत होती, पुरा झालाच नाई. मंगळवारले लाल खूण आली असती. मंग मीच म्हणलं, तू आराम कर, हाजरीचं मी पायतो."

दर रविवारी ते पॅसेंजरनं अकोल्याला जात आणि आठवड्याचे दोन्ही पाठ तिला तोंडी सांगत. जसेच्या तसे. कुठला शब्द कामाचा आणि कुठला नाही हे आपल्याला कसं कळणार, म्हणून काहीच गाळायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. "अकरा नंबरात शकुंतला आली होती," ते म्हणाले, "तवा तुमी म्हणल्या, जाऊ द्या तिले. ते बी सांगतलं. चौदात तुमाले खोकला झाला. नसीम म्हणे, मॅडमले पण माह्यासारखाच झाला का? म्या म्हणलं नाई, साधा हाय." आणि मग, पहिल्यांदाच जरा मोकळे होऊन, त्यांनी चिमटीत एक तंतू उचलून उजेडात धरला. "मॅडम, हे खरं हाय का? हा एवढा लंबा, अन् एकच पेशी? चाळीस साल झाले मी कापूस पिंजून राहिलो, मले कोणी सांगतलं नाई."

खरं आहे, असं मी म्हटलं. मग टॅब उचलला, पट्ट्यापट्ट्यांच्या पिशवीत घातला आणि घेऊन निघाले. ते दारापर्यंत आले.

मला राग आला होता असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. अमरावतीच्या त्या टाळ्यांची लाज वाटली होती असं म्हटलं तरी चालेल, थोडी वाटलीही असेल. पण रस्त्यानं चालताना माझ्या मनात फक्त एवढंच होतं की चारची गाडी चुकायला नको. टॅब कॉलेजच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं, गाडी मिळाली. खिडकीतून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या दिसत होत्या, काही शेतांत उपटून ढीग घातलेले. रोज दिसत तशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना सांगितलं. ते विचारी माणूस. म्हणाले, "खुणा हिरव्या आहेत ना? मग राहू द्या. पाहुण्यांना आजारी आहे म्हणून सांगू. औषधं चालू आहेत, परीक्षेला तीन तास बसली तर बसेल पोरगी." मी म्हटलं, सर, ते पाठ तिनं ऐकलेले नाहीत. ते म्हणाले, "बाकीच्यांनी ऐकलेत?" मी म्हटलं, बाकीच्यांचं मी पाहिलेलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांनी खांदे उडवले आणि यादी माझ्याकडे सरकवली. पाचव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत पंधरा खुणा मी एक एक करून लाल केल्या. प्रत्येक वेळी यंत्र विचारायचं, नक्की का, आणि मी हो दाबायची. हजेरी भरली नाही. परीक्षेच्या यादीतून नाव गेलं. आजारपणाचा अर्ज करायची मुदत आधीच संपली होती. वेळेवर कोणी मला सांगितलं असतं, किंवा मी वेळेवर विचारलं असतं, तर तो अर्ज मीच भरून घेतला असता, आणि ती पुढच्या खेपेला बसली असती.

चाळीस टॅब होते. एकोणचाळीस बाभळीवर, गोठ्यात, पिठाच्या डब्यावर बोलत होते. एकच कोणीतरी ऐकला होता, आणि त्याच्याच खुणा मी पुसल्या. हे मला कळायला किती वर्षं लागली असं कोणी विचारलं तर सांगते, त्याच दिवशी कळलं होतं. कळून काही झालं नाही. त्या काळात आमच्याकडे सगळ्यांचंच तसं झालं होतं असं म्हणून मी स्वतःला सोडवू पाहते, पण रहीमभाईंचं तसं झालं नव्हतं. मशीन बंद करून चाळीस मिनिटं ऐकायला माणूस जागा असावा लागतो.

पुढच्या मंगळवारी व्हरांड्यात टॅबवाल्यांची रांग लागली होती. रांगेच्या शेवटी रहीमभाई उभे होते, रिकाम्या हातांनी. त्यांचा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, "नाव कमी झालंय रहीमभाई. यंदा तिला बसता येणार नाही."

"दादारावनं सांगतलं मले."

"मग?"

"वीस नंबर अर्धाच राहिला ना," ते म्हणाले. "तुमी आल्या तवा बंद केला म्या. तथी बोंडाचं चालू होतं. बोंड वाळते, अन् त्याच्या भितीवर शिवण असते, इथलोक झालं. परवा तेवढंच सांगतलं. नसीम इचारते, पुढं काय? काहून उकलते बोंड?"

मी म्हटलं की आता त्याचा काही उपयोग नाही.

"नाव गेलं त गेलं, मॅडम. पण पोरगी इचारून राहिली ना."

मागून दादाराव कागद घेऊन आला, आसनव्यवस्थेवर सही हवी होती. घड्याळात साडेतीन झाले होते. दोन मिनिटांचं काम होतं. बोंड वाळताना त्याची साल आक्रसते, शिवणीवर ताण येतो, आणि ती कप्प्याच्या मधोमध उकलते. एवढंच तर होतं. मी म्हटलं, "पुढच्या मंगळवारी या. नीट सांगते." ते हो म्हणाले आणि खाली उतरून चपला घातल्या.

पुढच्या मंगळवारी पेपर होता, वनस्पतिशास्त्राचाच. सत्र लांबल्यामुळे परीक्षा माघात आल्या होत्या. मी तळमजल्यावरच्या खोलीत पर्यवेक्षक होते आणि माझी खुर्ची खिडकीशी होती. अकराच्या सुमाराला रहीमभाई फाटकातून आले. पांढरी टोपी, स्वच्छ सदरा, वहीही होती या वेळी, दुमडून खिशात खोचलेली. व्हरांड्याखाली चपला काढल्या, पण वर कोणी नाही म्हणून पायरीवरच बसले. प्रश्नपत्रिकेत चौथा प्रश्न बोंडाचा होता. आकृती काढून स्पष्ट करा. माझ्यासमोर तीस मुलं बोंडाची आकृती काढत होती, आणि बहुतेकांची चुकत होती.

दाराशी दादाराव होता. दहा मिनिटं कोणाला तरी खोलीत बसव म्हटलं असतं तर त्यानं बसवलं असतं, रोजच कोणी ना कोणी चहाला जातं. मी ते म्हणेन असं मला सारखं वाटत होतं. पुरवण्या वाटल्या. एकाची पेन्सिल उचलून दिली. बारा वाजता ते अजून तिथंच होते, ऊन पायरीवर आलं म्हणून थोडं बाजूला सरकलेले. एकदा त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि मला ओळखलं. हात वर केला नाही, नुसती मान हलवली, म्हणजे तुमचं काम चालू द्या, मी बसलोय. मी पण मान हलवली. मला काही वाटत नव्हतं. छाती, हात, सगळं जागच्या जागी होतं आणि कशाचंच काही नव्हतं.

पेपर सुटायच्या जरा आधी ते उठले. रविवार नसूनही अकोल्याला जायचं असावं, गाडीची वेळ झाली होती. चपला घातल्या, वही खिशात नीट खोचली आणि फाटकाकडे गेले. ते पुन्हा आले नाहीत.

नसीम बरी झाली. हे मला दादारावकडून कळलं, दोनेक वर्षांनी. कॉलेजात ती परत आली नाही, जुन्या शहरातच तिचं लग्न झालं. मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात मी आठवड्यातून एकदा तरी जाते, तिथल्या बाजारात माझा शिंपी आहे. खालाचं घर कुठल्या गल्लीत हे मी कधी विचारलं नाही. विचारलं तर कोणीही दाखवेल, एवढंसं तर ते शहर. मला तिची माफी मागायची आहे. हे मी इथं लिहिते आहे, पण पुलावरून जाताना कापड कुठल्या रंगाचं घ्यायचं याचाच विचार करत असते.

परिपत्रकाची सही झाल्यावर काल मी जुने पाठ शोधून माझ्या फोनमध्ये घेतले. नव्यानं रेकॉर्ड करण्यापेक्षा हेच चालतील का ते पाहायचं होतं. संध्याकाळच्या गाडीत कानाला लावून वीस नंबर ऐकला. माझा आवाज तेव्हा जरा चढा होता. बोंड, त्याचे कप्पे, आतल्या बिया, बियांवरचे तंतू. मग मी फळ्याकडे वळते, खडू मोडतो, दुसरा घेते आणि म्हणते, बोंड वाळलं की त्याच्या भिंतीवर जिथं शिवण असते, तिथं. खिडकीबाहेर वेचणी आटोपून बायका गाठोडी डोक्यावर घेऊन निघाल्या होत्या.

आता पाठ हवा तिथं थांबवता येतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. मी तिथं थांबवला. पुढचं अजून ऐकलेलं नाही.